मशाल आणि सही

बेलगार्ड, पोमेरानिया
12 फेब्रुवारी 1933

प्रिय बाळा,

पत्र मिळालं. 30 जानेवारीच्या रात्री, हिटलर चॅन्सेलर झाला म्हणून, मशाल घेऊन बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजाखालून गेलास, हात पोळला तरी सोडली नाहीस. आईनं तेवढं पोळल्याचंच वाचलं. लोणी लाव म्हणते. मला एकच विचारायचं आहे. नाझी पक्षाच्या अर्जावर सही केलीस का? पुन्हा विचारणार नाही.

इथे बर्फ गुडघाभर आहे. काळी घोडी व्यायला आली. राय धान्याच्या बाजारभावाचं लिहीत नाही, तुझी झोप कशाला उडवू.

"हे तुम्हीच आणलंत, बाबा," असं लिहिलंस. नाही कसं म्हणू? 1927 साली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गसाहेबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नॉयडेकची जहागीर भेट द्यायला वर्गणी निघाली, त्यात मीही पैसे घातले, तेही कर्ज काढून. राष्ट्राध्यक्षच जमीनदार झाले की आपलं दुखणं त्यांना कळेल, हा हिशोब. कळलंही. चॅन्सेलर ब्रूनिंगनी बुडीत जहागिरींवर शेतकरी वसवायचं काढलं, आम्ही बोल्शेविक म्हणून ओरडलो आणि गेल्या मे महिन्यात ते घरी गेले. पूर्वेकडच्या कर्जबाजारी जहागिरींसाठीच्या सरकारी 'पूर्व-मदती'चे पैसे मात्र घेतले. गोठ्याचं छप्पर त्यातलंच. कुणीकुणी त्यातून मोटारी घेतल्या म्हणून जानेवारीत राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, समितीत बोंब झाली, तेव्हापासून सकाळी वर्तमानपत्र मी आधी एकटाच उघडतो. त्याच महिन्यात लांडबुंड या आपल्या जमीनदार-शेतकरी संघाची माणसं तेव्हाचे चॅन्सेलर श्लायशर यांचं गाऱ्हाणं घेऊन राष्ट्राध्यक्षांकडे गेली. इथे बसून मी टाळ्या वाजवल्या.

आता मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, बाकीची आपली जुन्या वळणाची माणसं, शेतीखातं हुगेनबर्गकडे. दोन महिन्यांत हिटलरला कोपऱ्यात असा दाबू की चीं करेल, असं व्हाइस-चॅन्सेलर पापेन श्मेनझिनचे जमीनदार क्लाइस्ट यांना म्हणाले म्हणे. पापेननी धान्याच्या कोठारातली घूस कधी कोपऱ्यात गाठलेली दिसत नाही. क्लाइस्टनी गेल्याच वर्षी पुस्तिका काढून नाझींपासून सावध केलं होतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर हसलो, फारच देवभोळा माणूस म्हणून.

सही हलक्यात घेऊ नकोस. आपल्या घराण्यात दिलेला शब्द... बघ, लागलोच प्रवचन द्यायला. माफ कर. 1918 पर्यंत प्रशियात मत उघड, तोंडानं सांगावं लागायचं. मी मजुरांना गाडीत घालून न्यायचो, माझ्यादेखत नाव घ्यायला लावायचो, येताना श्नाप्स दारू पाजायचो. शब्दाची किंमत मी कुणाला शिकवू?

बटाट्यांची चोरी आठवते? नऊ वर्षांचा होतास. मजुराच्या पोराचं नाव तू सांगितलं नाहीस, आणि मी तुला लगामाच्या वादीनं मारलं. रडला नाहीस. रात्री आईला म्हणालो, हा माझ्यापेक्षा चांगला निघणार. तुला कधी सांगितलं नव्हतं. ते पोर आता नाझींचा तपकिरी शर्ट घालून अंगणात येतं, टोपी काढत नाही. तुझी चौकशी करतं.

थोरल्याची तलवार मी भिंतीवरून उतरवून पेटीत ठेवली. कारण विचारू नकोस.

5 मार्चला मतदान आहे. मत कुणाला दे ते सांगत नाही. ईस्टरला ये. स्टेशनवर घोडागाडी पाठवीन, मळके कपडे इथेच आण. आणि सही केली असशील तर आईच्या पाकिटात नको, मला वेगळं लिही.

तुझे
बाबा