मेडिकलच्या काउंटरवरून

मनू,

परवा फोनवर तू रडलीस आणि मला काही सुचलंच नाही, नेहमीसारखं जेवलीस का विचारलं आणि तू फोन ठेवलास. आत्ता दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून मोबाइलवरच टाइप करतेय, चुका असतील तर सांभाळून घे.

सव्वीस वय झालं, बरोबरच्या मुली सिरियलमध्ये दिसायला लागल्या आणि मी साड्यांच्या घड्या घालतेय, ओळखीचा कुणी नाटकवाला दुकानात आला की मान खाली घालते, असं म्हणालीस ना. ते मान खाली घालणं मला फार लागलं गं. बावीस वर्षं मी या काउंटरवर उभी आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला, पण मान कधी खाली घातली नाही.

तुला ती इंग्लिश नटी ग्लेंडा जॅक्सन माहीतच असेल, तुमच्यात तिचं नाव निघत असेल. पण ती आधी मेडिकलमध्ये होती हे माहितेय का? 1936 चा जन्म, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडे बर्कनहेड म्हणून गाव आहे तिथला. वडील गवंडी, आई लोकांकडे साफसफाईची कामं करायची. शाळा सुटली आणि दोन वर्षं बूट्स कंपनीच्या औषधांच्या दुकानात नोकरी केली, संध्याकाळी हौशी मंडळींच्या नाटकात काम. मग 1954 ला लंडनच्या राडा (RADA) या नाट्यशाळेत स्कॉलरशिप मिळाली, आता सगळं सुरळीत होईल असं वाटतं ना, तर तिथल्या प्रिन्सिपलनी सांगितलं की तुझा चेहरा हिरॉइनचा नाही, चाळिशीपर्यंत फार कामाची अपेक्षा ठेवू नकोस. आणि खरंच पुढची कितीतरी वर्षं तशीच गेली, गावोगावच्या रेपर्टरी नाटक कंपन्या, मधे मधे काहीच काम नाही, मग दुकानं, कॅफे, मिळेल ते.

दिग्दर्शक पीटर ब्रुकनी तिला रॉयल शेक्सपिअर कंपनीत घेतलं तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीसची होती. म्हणजे तुझ्यापेक्षा मोठी. मग 'मारा/साद' नाटकात शार्लोट कॉर्डे, म्हणजे फ्रेंच क्रांतीतल्या माराचा खून करणारी, त्यात ती चाबकाऐवजी स्वतःच्या केसांनी लेखक सादला फटके मारते. त्यानंतर सिनेमे, दोन ऑस्कर, एक 'विमेन इन लव्ह'साठी, दुसरं 'अ टच ऑफ क्लास'साठी, आणि दोन्ही वेळा बाई घ्यायलाच गेली नाही. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे दिल्या, आईने त्या पुसून पुसून वरचा सोनेरी मुलामाच घालवला, हे ग्लेंडा स्वतः सांगायची. मला एवढं हसू आलं, कारण मीही तेच केलं असतं.

1971 ला बीबीसीवर पहिल्या एलिझाबेथ राणीचं काम केलं तेव्हा विग लावून भागवलं नाही, कपाळावरचे केस खरंच भादरून घेतले. तू मागे एका ऑडिशनसाठी दोन इंच केस कापायला का कू करत होतीस ते आठवलं, असो.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. 1992 ला, छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, तिने हे सगळं सोडलं आणि मजूर पक्षाकडून खासदार झाली. खासदारकीच्या तेवीस वर्षांत स्टेजवर पाऊल नाही. रुसून नाही, हरून नाही, पंतप्रधान असताना थॅचरबाईंनी देशाचं जे केलं त्याचा राग होता म्हणून. 2010 ला तर फक्त 42 मतांनी निवडून आली, ती रात्र कशी काढली असेल! 2013 मध्ये थॅचरबाई गेल्या, पार्लमेंटात श्रद्धांजलीची भाषणं चालली होती, ही उभी राहून त्यांच्या कारभाराचा पाढा वाचायला लागली, हुजूर पक्षवाले ओरडतायत आणि ही थांबत नाही. बाबा म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, मला तरी पटलं, त्यावरून आमचं अर्धा तास वाजलं.

2015 ला खासदारकी सोडली आणि पुढच्याच वर्षी, ऐंशी वर्षांची असताना, लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरला लिअर केला. शेक्सपिअरचा राजा लिअर, बाईने! आपल्या अप्पा बेलवलकरांचा लांबचा नातेवाईकच तो, तीन तासांच्या वर चालणारं काम. 2018 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकातल्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला. मग टीव्हीवर डिमेन्शिया झालेल्या बाईचं काम, त्याला बाफ्टा, तिकडचा मोठा पुरस्कार. 2023 च्या जूनमध्ये गेली तेव्हा मायकेल केनबरोबरचा सिनेमा तयार होता, तो तिच्यामागे थिएटरात लागला.

साड्यांचं दुकान सोडायचं की नाही ते तू ठरव, नाटक सोडायचं असेल तर तेही, मी विचारणार नाही. फक्त कुणी ओळखीचं आलं तर वर बघ आणि काठ दाखव.

डिंकाचे लाडू कुरियर केलेत, मैत्रिणींना वाट. आणि शोकेसमधली तुझी एकांकिकेची ढाल काल घासली, पितळेची आहे, मुलामा जायची भीती नाही.

आई