हजेरी कुणाच्या मस्टरवर?

ओढा, नाशिक

प्रिय दत्त्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. महानिर्मिती, म्हणजे सरकारी वीज कंपनी, खाणीही वाढवतेय, वीजही वाढवतेय, भरती निघणार म्हणतात, तर समीरला पाठवू का, असं विचारतोस. अरे, पाठव की, पण आधी दोन गोष्टी ऐक.

आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच, मिळून 630. नागपूरजवळच्या कोराडीचा नवा एकच संच 660चा! आपलं अख्खं केंद्र तिथल्या एका संचात मावतं, मग वीज वाढली म्हणून माणसं त्याच हिशेबानं वाढतील कशी? शिवाय इथला कोळसा विदर्भातून रेल्वेनं येतो. नोकऱ्या निघणार त्या कोळशाच्या उशाला. महानिर्मितीला मिळालेली गारे पाल्मा खाण छत्तीसगडात, रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागचं रायगड नव्हे हं, नाहीतर वहिनी सुरमई मागवायच्या.

आता खरं दुखणं. खाण कंपनीची, पण खोदायचं काम पुष्कळदा ठेकेदाराचं. डंपर त्याचे, ड्रायव्हर त्याचे. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मी बॉयलरवर होतो, तिथं हेच. पावसाळ्यात ओला कोळसा हॉपरच्या, म्हणजे कोळसा खाली सोडायच्या नरसाळ्याच्या, तोंडाशी चिखलासारखा बसायचा. वर उभं राहून पहारीनं ढोसायचा, तेव्हा कुठं भुसभुस करत खाली उतरायचा. कानात, नाकात काळं. माझ्या शेजारचा परमनंटही तीच पहार मारायचा, पण दिवाळीला बोनस त्याला आणि मिठाईचा पुडा मला. ठेकेदार बदलला की माझा गेटपास नवा, नोकरी पहिल्या दिवसापासून. एकानं तर चार महिन्यांचा पीएफ कापला आणि भरलाच नाही.

म्हणून समीरला मायनिंग सरदारचं, म्हणजे खाणीत मजुरांवर देखरेख करणाऱ्याचं, सर्टिफिकेट काढायला लाव. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं असतं ते. त्यासाठी खाणीतला अनुभव लागतो, एक-दोन वर्षं ठेकेदाराकडे गेली तरी चालतील. ते हातात असलं की ठेकेदार गेला तरी पोराची किंमत जात नाही.

नेमणुकीचं पत्र आलं की मला फोटो पाठव. माथ्यावरचं नाव मोठं असेल, ते सोड. खाली सही कुणाची आणि पगार कुणाच्या खात्यातून, तेवढं आपण दोघं बघू.

द्राक्षांची पेटी एसटीनं पाठवलीय. संध्याकाळी डेपोत जाऊन घे, उन्हात राहू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या