हप्ता कमी येतोय म्हणून

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल फोन आपटलास. म्हणजे ठेवलास, पण मला आपटल्यासारखाच वाटला. "आई, हप्ता आत्तापेक्षा कमी येतोय, आणखी काय हवंय तुला?" एवढं बोललास आणि मी तोंड उघडेपर्यंत पलीकडे कुणी नाही. म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही.

गाडी बदलायला माझी ना नाही, हे आधी वाच. सूनबाईला मागच्या सीटवरून उतरताना दाराला धरून उभं राहावं लागतं, ते मी पाहिलंय. आणि बाळाची खुर्ची सुरुवातीला मागे तोंड करूनच बसवायची असते. तिला जागा करायची तर पुढची सीट सरकवावी लागणार, आणि तुझे पाय थेट आजोबांवर गेलेत. गुडघे स्टिअरिंगला टेकवून चालवणार आहेस का? ती खुर्ची पुढे एअरबॅगसमोर तर कधीच ठेवायची नाही, हे तुला माहीत असेलच. तेव्हा मोठी गाडी हवी हे तुझं म्हणणं खोटं नाही.

माझा प्रश्न एकच होता. उद्या पगार थांबला तर किती महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत? त्यावर तू चिडलास. पण काँट्रॅक्ट पुढे वाढेल की नाही सांगता येत नाही, हे ताईकडे जेवणानंतर तूच म्हणाला होतास. हसत म्हणालास, म्हणून सगळे हसले. मी नाही हसले. असो, पुन्हा विचारणार नाही.

आता तुझ्या कमी हप्त्याचं बघू. तुझे खरे आकडे तू मला सांगत नाहीस, म्हणून शंभराचं कर्ज धरते. बारा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो २.२२. त्यातल्या पहिल्या हप्त्यात १ तर नुसतं व्याज असतं. मुद्दल सुरुवातीला हळू फिटतं आणि शेवटी शेवटी भराभर. त्यामुळे दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेस, तरी ६७ शिल्लक राहतात. तू म्हणतोस जवळजवळ निम्मं फिटलं. हप्त्यांपैकी चाळीस टक्के फिटले हे खरं, पण मुद्दल फिटलं फक्त एक तृतीयांश.

समज, तो गाडीवाला तुझ्या जुन्या गाडीचे ५५ देतोय. ६७ मधून ५५ गेले, उरले १२. हे १२ कुठे जातात, हे तू त्याला विचारलंस का? "ते आम्ही ॲडजस्ट करून देतो" म्हणाला असेल. ॲडजस्ट म्हणजे नव्या कर्जात मिळवतो. नवी गाडी ९० ची, कर्ज १०२ चं. आणि मुदत पाचाऐवजी सात वर्षं. व्याजाचा दर तोच धरला तरी हप्ता येतो १.८०. आला की नाही कमी! पण आज आहेस तिथेच राहिलास तर तुला एकूण ८० भरायचेत आणि तीन वर्षांत मोकळा होतोस. बदललीस तर १५१ भरायचेत. शेवटचा हप्ता भरशील तेव्हा बाळ दुसरीत असेल आणि ती गाडी अकरा वर्षांची झालेली असेल, कारण आज ती चार वर्षांची आहे. बारा टक्केही मी तुझ्या बाजूने धरलेत. वापरलेली गाडी घ्यायच्या कर्जाला दर बहुधा चढाच असतो. शिवाय जुनं कर्ज मुदतीआधी बंद करण्याचा दंड असेल तर तो, आणि नव्याची प्रोसेसिंग फी, हे सगळं मी धरलेलंच नाही.

आणि दर "फ्लॅट" आहे का, हेही विचार. फ्लॅट म्हणजे अख्ख्या मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज, मधे कितीही मुद्दल फेडलंस तरी. पाच वर्षांसाठी फ्लॅट दहा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सतरा टक्क्यांच्याही वर जातं. कर्जाच्या कामावर नोकरीला होते तेव्हा माझ्या टेबलासमोर शिकलीसवरली माणसं दहा टक्के ऐकून खूश व्हायची. मी समजावून सांगायचे. निम्मे ऐकायचे, निम्मे म्हणायचे, "मॅडम, हप्ता किती ते सांगा फक्त."

हप्ता थकलेला माणूस पहिल्या महिन्यात कधी येत नाही, बाळू. पहिला थकला की कुणाकडून तरी घेऊन भरतो. दुसरा क्रेडिट कार्डवर ढकलतो. तिसऱ्याला आमच्यासमोर येऊन बसायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा. घरून फोन आला की बघायचा आणि पुन्हा पालथा. "घरी माहीत आहे का?" असं मी विचारायचे. तो आमच्या फॉर्मवरचा प्रश्न नव्हता. घरी माहीत नसायचंच. तू तसा नाहीस हे मला कळतं. पण तेही तसे नव्हते, चांगली कमावती माणसं होती. त्यांच्याकडे फक्त बाजूला काही नव्हतं.

बघ, आलेच पुन्हा तिथे. रागावू नकोस. चाळिशीला टेकलेल्या मुलाला आईने व्याज शिकवावं, हे मलाही बरं वाटत नाही. ताई म्हणते, "आई, तू अजून काउंटरवरच बसली आहेस." बसले असेन.

खरं तर काल तू ती गाडी इतकी रंगवून सांगत होतास, की मला मधेच हे आठवले. हे गाडी बघायला जायचे ते सकाळी, आणि सांगितल्या वेळेच्या आधीच. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेटवर तळहात ठेवायचे. गरम लागलं तर "आम्ही थोड्या वेळाने येतो" म्हणून चालू लागायचे. गार इंजिन सुरू होताना काय आवाज काढतं, किती धूर सोडतं, तेच त्यांना बघायचं असे. मालकाने आधीच सुरू करून ठेवलं की सगळं झाकलं जातं. मग ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवायचे. दुधाळ साय लागली की तोंडावर काही दाखवायचे नाहीत, पण परत येताना म्हणायचे, "पाणी गेलंय ऑइलमध्ये." कधी नुसत्या जवळच्या फेऱ्यांनीही तशी साय धरते म्हणे, पण ते अशी गाडी घ्यायचे नाहीत.

आणि तू! तुझं काम ठरलेलं. टॉर्च तोंडात धरून सीटखाली शिरायचं आणि सीटच्या पट्ट्यांवर गंज किंवा चिखल दिसतो का ते ओरडून सांगायचं. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचा. पुरात बसलेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला पाण्याची रेघ राहते. एकदा ती रेघ तूच शोधलीस. तो मनुष्य शपथा घेत होता, आणि तू सगळ्यांसमोर बेल्ट धरून उभा, "बाबा, इथे बघा." घरी येईपर्यंत ह्यांचा हात तुझ्या डोक्यावर होता. नंतर जो भेटेल त्याला सांगत सुटले, पोराने गाडी पकडली म्हणून. तुझ्यासमोर कधी बोलले नाहीत, ते आमच्या पिढीचं वेडेपण.

तेव्हा गाडी कशी बघायची हे मी तुला सांगायला नको. तरी सांगते. चकचकीत पॉलिश आणि नवीकोरी मॅट बघून हुरळू नकोस. मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर पेडलवर विश्वास ठेव. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे निघाले तर का, ते विचार. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालव आणि कटकट आवाज येतो का ऐक. दारांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का बघ. बॉनेटखालच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असेल तर कुणीतरी ते उघडलेत. चासिस नंबर कागदांशी स्वतः ताडून बघ, त्याने वाचून दाखवला म्हणून मान डोलवू नकोस. आणि तुमच्या ओळखीचा तो मेकॅनिक, ज्याला तू ह्यांच्यानंतर भेटायलासुद्धा गेला नाहीस, त्याला घेऊन जा. तो पैसे घेणार नाही. तू दे.

तुझ्या आत्ताच्या गाडीचंही त्यालाच विचार. क्लच धरत नाही, इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही, म्हणून तू तिला टाकायला निघालास. क्लच प्लेट झिजतेच रे, ती झिजायलाच असते. ती बदलली की गाडी पुन्हा धावते. सांगाडा गंजला असेल, गिअरबॉक्स गेला असेल, तर वेगळं. पण एका दुरुस्तीच्या बिलाला कंटाळून सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं, हे मला पटत नाही.

माझं मत विचारशील तर (विचारलं नाहीस, माहीत आहे) ते वरचे १२ तुझ्या खिशातून रोख निघत असतील आणि तरीही हाताशी सहा महिन्यांचे हप्ते राहत असतील, तर खुशाल बदल. पाच वर्षांच्या वर मुदत घेऊ नकोस, हप्ता जड वाटला तरी. आणि ते १२ निघत नसतील, तर क्लच बदल आणि बाळ आल्यावर थोडे दिवस अडचणीत काढा. आम्ही तुम्हाला दोघांना आणि आत्याला घेऊन त्या डबड्यातून कुठे कुठे गेलो, डावीकडचं दार आतूनच उघडायचं. म्हणून तू शिल्लक कर्ज गाडीच्या किमतीखाली येईपर्यंत थांब, मग बघ. कारण १०२ चं कर्ज आणि ९० ची गाडी, आणि देव न करो, उद्या ती ठोकली गेली किंवा चोरीला गेली, तर विमावाले पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीचे पैसे देतात, तुझ्या कर्जाचे नाही. उरलेलं तू भरायचंस, गाडी नसताना. आणि घरात बाळ असताना.

हे लिहितानाच पोटात कालवतं. त्या रात्री ह्यांना घेऊन तू गाडी चालवत होतास, मी मागे बसले होते, आणि आरशात तुझे डोळे तेवढे दिसत होते. एकही शब्द बोलला नाहीस. सगळं झाल्यावर बिलं कुठून भरलीस, हे मला आजवर सांगितलं नाहीस. मी ताईकडून ऐकलं, तेही वर्षाने. तू अडचणीत असलास की तुझा आवाज जास्त आनंदी होतो, बाळू. काल तो फार आनंदी होता. म्हणून मी तो प्रश्न विचारला. गाडीचं राहू दे बाजूला.

शनिवारी गाडी बघायला जाणार असशील तर मलाही ने. मी मागे गप्प बसेन. निदान कागदांपर्यंत तरी.

सूनबाईला सांभाळ. तिला जड उचलायला देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. जुनं कर्ज बंद करायला आजच्या तारखेला नेमके किती लागतील, हा आकडा कर्ज दिलेल्यांकडून लेखी घे, गाडीवाल्याच्या तोंडून नको. तो "मी भरून टाकतो" म्हणाला तरी कर्ज बंद झाल्याचं पत्र तुझ्या हातात येईपर्यंत ते हप्ते तुझ्याच नावावर आहेत. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, दोन चाव्या असतील तर दोन्ही मोजून घ्यायच्या. आणि बाजूला किती आहे ते मला नाही सांगितलंस तरी चालेल, सूनबाईला सांग.