मक्याच्या नांग्या भरून उतारा येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात पोहोचला. मेच्या अवकाळीने रान आधीच भिजले होते, त्यामुळे येवला तालुक्यात आमच्या शिवारात रोहिणीतच मक्याची टोकण सुरू झाली. घाई करू नका, असे कृषी विभाग सांगत होता. मी ऐकले नाही, दोन एकर टोकले. मग पाऊस जूनच्या मध्यापर्यंत अडखळला. वरची दोन बोटे माती सुकली आणि जवळपास निम्मे बी उगवलेच नाही. बारा दिवसांनी नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकले.

कपाशीत नांग्या भरल्या की झाड पसरून जागा भरून काढते. मक्याचे तसे नाही. मागे राहिलेले रोप मोठ्याच्या सावलीत सापडते, खत-पाणी खाते, आणि कणीस धरलेच तर बोटाएवढे. शेजारच्या तुऱ्यांचे पराग उडून गेल्यावर त्याच्या मिशा, म्हणजे कणसाचे रेशमी धागे, बाहेर येतात, म्हणून दाणेही तुरळक भरतात. बांधावरून ते दोन एकर हिरवेगार दिसत होते. कणसे मोडायला घेतली तेव्हा खरे कळले.

लवकर पेरणीला माझा विरोध नाही. जूनमध्ये उगवून गुडघ्याला लागलेला मका जुलैची झड सोसतो. कोवळ्या मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पाने येईपर्यंत जमिनीतच असतो, तेव्हा पाणी साचले तर रोप पिवळे पडून जाते. उशिरा पेरलेल्या मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, आधीच्या वावरांतली लष्करी अळी उतरते. शिवाय मका वेळेत निघाला तरच रांगड्या, म्हणजे पावसाळ्याअखेर लावायच्या, कांद्याला रान मोकळे होते. पण हा फायदा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन, वापसा आल्यावर, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल राहिल्यावर, पेरलेल्या आणि एकदम उगवलेल्या पिकालाच मिळतो.

म्हणून एक विनंती आहे. मॉन्सून आल्याची बातमी तुम्ही पहिल्या पानावर देता, तिच्याशेजारी महसूल मंडळनिहाय, म्हणजे काही गावांच्या गटाप्रमाणे, पाऊसही छापा. हे आकडे रोज नोंदले जातात, पण आमच्या गावात ते टोकण उरकल्यावर कळतात. पेरणीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत रोज एक चौकट दिलीत तरी पुरेल.

आपला,
एक मका उत्पादक, ता. येवला, जि. नाशिक