माजी सैनिकाचं ऐका, पण पूर्ण ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या हवाई दलातले निवृत्त अधिकारी रॉबर्ट सालास यांच्यावर पानभर मजकूर आला. परग्रहावरून आलेल्या यानाने मोंटाना राज्यातली दहा अण्वस्त्रं बंद पाडली, असा मोठ्या टाइपातला मथळा होता. गावात मी फौजेतला म्हणून ओळखला जातो, त्यामुळे सोमवारी सकाळी एसटी स्टँडवर दोघातिघांनी अडवलंच. "सुभेदार, तुम्ही एवढी नोकरी केलीय. खरं सांगा, असलं काय असतंय का?" उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

सालास यांची टिंगल करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. मार्च 1967 मध्ये ते ग्रेट फॉल्स शहराजवळच्या माल्मस्ट्रॉम तळावर लेफ्टनंट होते. जमिनीखाली साठेक फुटांवर एक पोलादी खोली, तिला जाडजूड दार, आत दोनच अधिकारी आणि त्यांच्या ताब्यात मिनिटमन जातीची दहा क्षेपणास्त्रं. ही क्षेपणास्त्रं आजूबाजूच्या माळरानात, मैलमैल अंतरावर, सिमेंटच्या खोल विहिरींत उभी. एकेकाची ताकद साधारण एक मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या साठ-सत्तर पट. सालास सांगतात त्याप्रमाणे वरच्या पहारेकऱ्याचा आधी एक फोन आला, की आकाशात विचित्र दिवे फिरताहेत. थोड्या वेळाने दुसरा आला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. फाटकावर तांबूस उजेडाची लंबगोल वस्तू तरंगते आहे, असं तो सांगत होता. सालास झोपलेल्या वरिष्ठाला उठवतात न उठवतात तोच समोरच्या दिव्यांच्या फलकावर क्षेपणास्त्रं एकामागून एक बंद पडल्याचं दिसत गेलं. पुढे त्यांच्याकडून गप्प राहण्याच्या कागदावर सही घेतली गेली. 1990 च्या दशकात ते बोलू लागले, आणि 27 सप्टेंबर 2010 रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये इतर निवृत्त सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ही हकीकत पत्रकारांपुढे ठेवली.

त्या पहारेकऱ्याचा फाटलेला आवाज मला समजतो. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागात होतो. सिक्कीममध्ये एका उंच ठाण्यावर असताना नोव्हेंबरअखेरच्या एका रात्री आमच्या संतरीचा फील्ड टेलिफोनवर निरोप आला, "साहेब, समोरच्या कड्यावर बत्ती आहे. लाल होते, हिरवी होते, हलते." मी बाहेर गेलो. बत्ती होतीच. थरथरत होती, रंग बदलत होती, आणि टक लावून पाहिलं की सरकल्यासारखी वाटत होती. पोरगा वीस वर्षांचा, थंडीने ओठ फुटलेले, रायफलवरची पकड सुटत नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही पोटात गोळा आला. पलीकडे कोण आहे ते आम्हाला ठाऊक होतं ना. आमच्या पोस्ट कमांडरांनी एकच हुकूम दिला : वेळ लिहा, दिशा लिहा, बाकी काही लिहू नका. लॉगबुकात नोंद झाली, 10 वाजून 42 मिनिटं. दुसऱ्या रात्री तीच बत्ती, तोच कडा, 10 वाजून 38 मिनिटं. तिसऱ्या रात्री 10 वाजून 34.

रोज बरोबर चार मिनिटं आधी. शाळेत भूगोल नीट शिकलेल्या, नायक हुद्द्याच्या एका जवानाच्या ते लक्षात आलं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. तो व्याधाचा तारा होता. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, म्हणून तो असा लाल-हिरवा लुकलुकतो. त्या नोंदी नसत्या, तर आज तीस-पस्तीस वर्षांनी मी तुम्हाला शपथेवर सांगितलं असतं की सीमेपलीकडून काहीतरी आलं होतं. आणि ते खोटं बोलणं ठरलं नसतं. मी बत्ती पाहिलीच होती.

लडाखमध्येही हेच झालं. 2012-13 मध्ये आपल्या जवानांनी आकाशात हलणाऱ्या उजेडाच्या शेकडो नोंदी केल्या, चिनी ड्रोन असल्याचा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी त्या तपासल्या तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. काही वाहिन्यांनी तेव्हा जवानांची थट्टा केली, ती मला अजून टोचते. जवानांनी दिसलं ते लिहिलं, म्हणून तर उत्तर मिळालं.

आता माल्मस्ट्रॉमची नोंद काय सांगते ते पाहू, कारण आपल्या लेखात नेमकी तीच नाही. 16 मार्च 1967 रोजी सकाळी पावणेनऊला तिथल्या 'एको' नावाच्या तुकडीची दहाच्या दहा क्षेपणास्त्रं खरोखर बंद पडली. हे कुणाच्या आठवणीतलं नाही, हवाई दलाच्या दप्तरात आहे. वरिष्ठ मुख्यालयाने तातडीचा संदेश पाठवून, दहा क्षेपणास्त्रं एकदम जातात आणि कारण सापडत नाही, ही अत्यंत काळजीची बाब असल्याचं कळवलं. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या बोइंग कंपनीचे अभियंते कामाला लागले. बाहेरून आलेला दहा व्होल्टचा एक क्षणिक विद्युत झटका नियंत्रणाच्या जोडणीत शिरला तर नेमका असाच बिघाड होतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत करून पाहिलं. झटका आला कुठून, ते मात्र पक्कं झालं नाही. त्याच दप्तरात हेही लिहिलं आहे की त्या वेळी परिसरात उडत्या तबकड्या दिसल्याच्या अफवा होत्या, त्या तपासल्या आणि निराधार ठरल्या.

सालास मात्र 'एको'त नव्हते. सुरुवातीला आपण तिथेच होतो असं त्यांना वाटत होतं, मग दुसऱ्या एका तुकडीचं नाव आलं, शेवटी 'ऑस्कर' तुकडी आणि 24 मार्च ही तारीख ठरली. 'एको'सारखी तपशीलवार सरकारी नोंद 'ऑस्कर'ची नाही. आणि लेख वाचून कुणाच्याही लक्षात येणार नाही अशी एक गोष्ट : सालास यांनी ती तांबूस वस्तू स्वतः पाहिलेली नाही. ते साठ फूट खाली होते. त्यांनी फोनवर एका घाबरलेल्या शिपायाचा आवाज ऐकला आणि समोरचे दिवे बदलताना पाहिले. मधला दुवा, म्हणजे त्या वस्तूनेच क्षेपणास्त्रं बंद केली, हा त्यांचा तर्क आहे. ते लबाड नाहीत. आपण साक्ष आणि तर्क एकाच मथळ्यात कोंबले, ही माझी तक्रार.

वेळच्या वेळी केलेली नोंद किती मोलाची असते याचं आणखी एक उदाहरण इंग्लंडमधलं. डिसेंबर 1980 मध्ये रेंडलशॅमच्या जंगलात अमेरिकी तळाचे उपकमांडर चार्ल्स हॉल्ट रात्री दिव्यांचा माग काढत फिरले, तेव्हा त्यांच्या हातात छोटा टेपरेकॉर्डर होता. त्या टेपवर उजेड पुन्हा पुन्हा दिसल्याचे उद्गार आहेत आणि त्यांच्यातलं अंतर जवळच्या ऑर्फर्डनेस दीपगृहाच्या पाच सेकंदांच्या फेऱ्याशी जुळतं. हॉल्ट यांना हे मान्य नाही. पण निदान टेप आहे, ती कुणीही ऐकू शकतो.

मग सालास यांच्याबाबत खरा दोषी कोण? माझ्या मते, गुपित. 2025 च्या जूनमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी वृत्तपत्राने बातमी दिली की त्या काळी हवाई दल क्षेपणास्त्रांच्या ठाण्यांवर विद्युतचुंबकीय झटक्याची चाचणी घेत होतं. अणुस्फोटाच्या झटक्यात आपली क्षेपणास्त्रं टिकतील का, हे पाहायचं होतं. उंचावर बसवलेलं ते यंत्र चार्ज होताना नारिंगी उजेड फेकायचं, आणि खाली बसलेल्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, अशा उडत्या वस्तूंच्या चौकशीसाठी 2022 मध्ये नेमलेल्या कार्यालयाच्या कामातून हे बाहेर आलं, असं बातमी म्हणते. त्याच कार्यालयाने मार्च 2024 च्या अहवालात परग्रहवासीयांचा कुठलाही पुरावा न सापडल्याचं लिहिलं होतं. पण केवळ बातमीवर माझं समाधान होत नाही. त्या चाचणीचे मूळ कागद, तारखा, ठिकाणं सगळ्यांपुढे ठेवा. ज्या माणसाने साठ वर्षांपूर्वी सही करून जीभ बांधून घेतली, त्याला बातमीतून कळावं की वर कदाचित आपल्याच लोकांचं यंत्र होतं? हे वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फौजेत गुपित असतंच, मी स्वतः कित्येक सांभाळली. पण सैनिकालाच भ्रमात ठेवून म्हातारं होऊ द्यायचं, ही कुठली रीत?

आणि या सगळ्यात खरी भीती बाजूला पडते. सप्टेंबर 1980 मध्ये आर्कान्सातल्या दमास्कसजवळ एका विहिरीत काम करताना पान्याचा सुटा लोखंडी तुकडा (सॉकेट) हातातून निसटला, सत्तर-ऐंशी फूट खाली जाऊन टायटन क्षेपणास्त्राच्या इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेला. काही तासांनी स्फोट झाला, एक तरुण जवान गेला आणि नऊ मेगाटनचं अण्वस्त्र विहिरीबाहेर फेकलं गेलं. ते फुटलं नाही, म्हणून एवढ्यावर निभावलं. ऑगस्ट 2007 मध्ये सहा अण्वस्त्रं चुकून विमानाला लावून नॉर्थ डकोटातून लुइझियानाला नेली गेली, जवळपास 36 तास कुणाला पत्ता नव्हता. ऑक्टोबर 2010 मध्ये, सालास यांच्या त्या पत्रकार परिषदेला महिनाही झाला नव्हता, वायोमिंगमधल्या 50 क्षेपणास्त्रांशी तासभर संपर्क तुटला, कारण एक सर्किट कार्ड नीट बसलेलं नव्हतं. आपल्याकडेही 9 मार्च 2022 रोजी ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात पडलं. त्यावर अण्वस्त्र नव्हतं, पण बातमी कळली त्या संध्याकाळी माझा घास घशाखाली उतरला नाही. पान्याच्या आणि कार्डाच्या या गोष्टींवर आपल्या पुरवणीत पान निघालेलं मला आठवत नाही.

माल्मस्ट्रॉमचीच आणखी एक बाब सांगतो. 2023 च्या जानेवारीत समोर आलं की त्या जमिनीखालच्या खोल्यांत ड्यूटी केलेल्या नऊ अधिकाऱ्यांना लिम्फोमा जातीचा कर्करोग झाला. हवाई दलाने तपासणी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या दोन नियंत्रण कक्षांत पीसीबी हे घातक रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. जुन्या विजेच्या उपकरणांत ते वापरत. म्हणजे सालास ज्या तळावर बसायचे, तिथल्याच खोल्या. ही माणसं आणि त्यांच्या बायका कित्येक वर्षं हवेबद्दल, पाण्याबद्दल, वासाबद्दल विचारत होत्या. या माजी सैनिकांना वॉशिंग्टनच्या सभागृहात कॅमेऱ्यांची गर्दी लाभली नाही, कारण त्यांच्या गोष्टीत तबकडी नव्हती.

संपादक महोदय, आपला अंक मी 1991 पासून घेतो. सुट्टीवर यायचो तेव्हा वडील महिन्याचे अंक सुतळीने बांधून ठेवायचे. त्या हक्काने मागतो : पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, 16 मार्च 1967 ची दप्तरातली नोंद आणि त्या दोन खोल्यांची तपासणी छापा. सालास यांचा फोटोही पुन्हा लावा, त्याला माझी हरकत नाही. एसटी स्टँडवरच्या मंडळींना मी सांगून ठेवलं आहे, अंक आला की एकत्र बसून वाचू.

आपला नम्र,
एक निवृत्त सुभेदार (सिग्नल्स)
ता. कोरेगाव, जि. सातारा