फायर अलार्मचं पॅनल रात्रपाळीच्या माणसाला वाचता आलं पाहिजे

मा. संपादक,
नमस्कार.

कुठे मोठी आग लागली की बातमीत बरेचदा एक वाक्य येतं, अलार्म यंत्रणा होती पण वाजलीच नाही. वाचणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं असणार नाहीतर खरेदीतच काहीतरी गडबड झाली असणार. मी फायर अलार्मच्या मेन्टेनन्सचं काम करते, आणि मला जे दिसतं ते असं की कितीतरी ठिकाणी मशीन धडधाकट असतं, फक्त कोणीतरी मेनूत जाऊन त्याचा एखादा भाग डिसेबल, म्हणजे बंद, केलेला असतो आणि परत चालू करायचं राहून गेलेलं असतं. पॅनल, म्हणजे सगळे डिटेक्टर जिथे जोडलेले असतात तो कंट्रोल बॉक्स, ते स्क्रीनवर सांगतही असतं, पण समोर बसलेल्या माणसाला ते वाचायला कोणी शिकवलेलंच नसतं.

होतं काय, एखादा स्मोक डिटेक्टर धूळ बसून किंवा वाफेने सारखा सारखा वाजतो, रात्री दोन वाजता लोक वैतागतात, मग मेन्टेनन्सवाल्याला फोन जातो आणि तो झोपेतच सांगतो, मेनू दाब, कोड टाक, डिसेबलमध्ये जा. तिथे पॅनल विचारतं डिव्हाइस (एकच डिटेक्टर), झोन (मजल्यासारखा एक भाग) की लूप (ज्या वायरवर ही डिव्हाइस जोडलेली असतात ती), आणि घोळ नेमका इथेच होतो. एकच डिव्हाइस बंद करायचं तर त्याचा लूप नंबर आणि अ‍ॅड्रेस टाकावा लागतो, तो त्या वेळी कोण शोधत बसणार, म्हणून झोन निवडला जातो, म्हणजे एका डिटेक्टरपायी अख्खा मजला उघडा पडला. काही जण तर सरळ हूटरच, म्हणजे इमारतभर वाजणारा भोंगाच, डिसेबल करून टाकतात. आवाज थांबतो, सगळे झोपतात, सकाळी शिफ्ट बदलते आणि नव्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. डिसेबलचा पिवळा दिवा लागलेला असतो हो, पण त्याच्या शेजारी फॉल्टचा, म्हणजे बिघाडाचा, पिवळा दिवा महिनोन्महिने तसाच पेटलेला, बॅटरी गेलीय नाहीतर अर्थ फॉल्ट (वायर कुठेतरी अर्थिंगला लागलेली) आहे, त्यामुळे अजून एक दिवा लागला तरी कोणाला काही वाटत नाही. फॉल्टसाठी समोर दिवा बहुतेक एकच असतो, जुना फॉल्ट काढला नाही तर नवा आलेला दिव्यावरून कळत नाही, पॅनलचा बझर वाजला तरच लक्ष जातं, आणि बझर म्यूट करायची हाताला सवय झालेली असते. मला या सवयीची खरंच भीती वाटते.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची १५ एप्रिल २०१९ ची आग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तिथे संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास पॅनलवर पहिला अलार्म आला होता, म्हणजे यंत्रणेने तिचं काम केलं. पण गार्ड बघायला गेला तो शेजारच्या सॅक्रिस्टीच्या (चर्चचं पूजासाहित्य ठेवायच्या इमारतीच्या) माळ्यावर आणि आग होती मुख्य चर्चच्या माळ्यावर. बरोबर जागा कळेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला, जुन्या लाकडी छपराला तेवढा वेळ पुष्कळ झाला. चूक कोणाची यावर नंतर बराच वाद झाला, त्यात मला पडायचं नाही, पण स्क्रीनवरची ओळ वाचून माणूस थेट आगीपाशी पोचला नाही तर डिटेक्टर कितीही भारी असून उपयोग काय.

म्हणून नावांचं सांगते. अ‍ॅड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, एका लूपवर शंभराहून जास्त डिव्हाइस बसू शकतात, आणि प्रत्येकाला नाव देता येतं. हे नाव बसवणारा घाईत देतो. मग अलार्म आला की स्क्रीनवर दिसतं लूप २, डिव्हाइस ०४७, स्मोक, बस. हा ०४७ कुठे आहे ते एका फाइलमध्ये, फाइल ऑफिसमध्ये आणि ऑफिसला कुलूप. त्याऐवजी 'तिसरा मजला, मागचा जिना, स्टोअर' एवढं लिहिलं तर नवा माणूससुद्धा पळत योग्य जागी जाईल. आणि पार्टिशन हलवलं, स्टोअरची मीटिंग रूम केली, की त्याच आठवड्यात पॅनलमधलं नावही बदलायला हवं, ते जवळजवळ कोणीच करत नाही.

दुसरं म्हणजे रीसेट. घाबरलेला माणूस आधी रीसेट दाबतो कारण ते बटण मोठं असतं आणि सगळं शांत होतं. आधी बझर म्यूट करून स्क्रीन वाचायची, खाली बाण दाबून अजून किती अलार्म आहेत ते बघायचं (पाच डिटेक्टर एकापाठोपाठ आले असतील तर ती बहुधा आगच आहे, धूळ नाही), जागेवर जाऊन बघून यायचं आणि रीसेट सगळ्यात शेवटी. आधीच रीसेट केलं तर समोरची माहिती जाते, मग ती इव्हेंट लॉगमध्ये शोधत बसा, आणि पॅनलचं घड्याळ चुकलेलं असेल तर लॉगमधली वेळही काही कामाची नाही. भिंतीवरचा लाल कॉल पॉइंट (आग दिसली की हाताने दाबायची पेटी) कोणी दाबला असेल तर तो आधी तिथे जाऊन किल्लीने पूर्ववत करावा लागतो, नाहीतर पॅनल कितीही वेळा रीसेट करा, अलार्म परत येणारच, आणि लोक म्हणणार पॅनल खराब आहे.

वॉचमनला कोड दिला तर तो सेटिंग बिघडवेल असं मला बरेच जण सांगतात. अशा पॅनलसाठीच्या युरोपच्या ईएन ५४-२ स्टँडर्डमध्ये याचसाठी कोणाला काय करता येईल याच्या चार लेव्हल केल्यात, पहिली कोणालाही बघण्यापुरती, दुसरी जबाबदार माणसाला किल्ली किंवा कोडने, अलार्मचा आवाज थांबवणं, रीसेट, डिसेबल-एनेबल हे तिथे होतं, तिसरी प्रोग्रामिंगची आणि चौथी दुरुस्तीवाल्याची. दुसऱ्या लेव्हलचा कोड दिल्याने प्रोग्रामिंगला हात लागत नाही. तो कोड मात्र शिफ्टवरच्या माणसाकडेच हवा, घरी झोपलेल्या इंजिनिअरकडे असून भागत नाही.

आपल्या पेपरमधून सगळ्या सोसायट्या, हॉस्पिटलं, शाळा, ऑफिसं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, शिफ्ट बदलताना मेनूतली डिसेबल यादी उघडून दोघांनी मिळून बघा आणि यादीत काही असेल तर कोणी केलं, कशासाठी, परत चालू कधी करणार ते रजिस्टरमध्ये लिहा. टेस्ट मोडही बघा, टेस्टिंग झाल्यावर पॅनल त्याच मोडमध्ये राहून गेलेलं मी पाहिलंय. पुढच्या ड्रिलला पॅनलपाशी मॅनेजरऐवजी रात्रपाळीच्या वॉचमनला उभं करा, बटणं त्यालाच दाबू द्या, आणि स्क्रीनवरची ओळ वाचून तो कुठल्या दिशेने निघतो ते बघा.

आपली,
फायर अलार्म मेन्टेनन्समधली एक वाचक