चेन्नईतली प्रत चालू होती, तरी आमचा कंटेनर थांबला

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, क्लाउड ऑपरेशन्स

विषय: दोन शहरांत डेटा ठेवण्याचे पैसे घेऊन ऐन वेळी दुसऱ्या शहरातली प्रत न उघडल्याबाबत

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. तक्रार ‘वरच्या टीमकडे’ गेली आहे असं पुन्हा ऐकलं, म्हणून वरच्या टीमलाच लिहितो. रेप्लिकेशन म्हणजे एका सेंटरमधल्या डेटाची प्रत दुसऱ्या सेंटरला सतत जात राहणं, हे तुम्हाला सांगत बसत नाही, ते तुम्हीच विकता.

सोमवारी सकाळी तुमचं नवी मुंबईचं डेटा सेंटर बंद पडलं. का पडलं ते अजून कळवलेलं नाही, आणि मला त्यात फारसा रसही नाही. यंत्र आहे, कधीतरी पडणारच. ते पडेल म्हणूनच चेन्नईत दुसरी प्रत ठेवायचा महागडा प्लॅन घेतला होता.

आमचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाउस आहे. ऐन हंगाम. प्री-कूलिंग झालेले पॅलेट तयार, रॉटरडॅमला जायचा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर दारात उभा, आणि पॅलेटनुसार लॉट नंबर, प्लॉटवार फवारणीच्या नोंदी, तापमानाचे लॉग सगळं तुमच्याकडे. पॅकिंग लिस्ट निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. लावला फोन.

पुढचा संवाद जसा झाला तसा देतो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आहेच.

‘चेन्नईचं सेंटर चालू आहे का?’
‘हो सर, एकदम ओके आहे.’
‘आमचा डेटा तिथे आहे?’
‘हो सर, सेफ आहे.’
‘मग तिथून उघडून द्या.’
‘सर, ती स्टँडबाय कॉपी आहे. फेलओव्हर, म्हणजे काम त्या कॉपीवर वळवणं, डिझास्टरमध्येच करतात.’
‘मग हे काय चाललंय?’
‘सर, आमच्याकडे डिझास्टर अजून डिक्लेअर झालेलं नाही.’

मी विचारलं, कोण डिक्लेअर करतं? मॅनेजमेंट. मॅनेजमेंट कुठे आहे? मीटिंगमध्ये. मीटिंग कशाबद्दल? ‘डिझास्टर डिक्लेअर करायचं का, त्याबद्दल, सर.’ मी गप्प झालो. शेजारी लोडिंगची माणसं हाताची घडी घालून उभी, बाहेर ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी डोकावतोय. तेवढ्यात त्या मुलाने वर सुनावलं, ‘सर, डेटा एवढा इम्पॉर्टंट होता तर एक कॉपी स्वतःकडे पेनड्राइव्हवर ठेवायला हवी होती.’

पेनड्राइव्ह! साहेब, हा सल्ला तुमच्या माहितीपत्रकात का नाही? पहिल्याच पानावर टाका, आमचे पैसे तरी वाचतील.

हा प्लॅन विकायला तुमचा माणूस स्वतः नाशिकला आला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली, हे त्यानेच सांगितलं. म्हणून दोन्ही प्रती एकाच पट्ट्यात नकोत. पटलं. माझ्या भाच्याने २०२१ च्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरच्या आगीचं विचारलं. तिथे एक इमारत जळाली आणि त्याच आवारातल्या दुसरीलाही झळ बसली. त्यावर तुमचा माणूस म्हणाला, ‘आमचं तसं नाही, आमचं शहरच वेगळं.’ चेन्नई हजार किलोमीटरच्या पुढे. दर नोंदीला तिकडची पोच येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर नुसत्या केबलमधल्या प्रवासालाच दहा मिलिसेकंद जातात, त्यामुळे प्रत थोडी मागून जाईल, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. तेही मान्य केलं. करारात लिहिलं आहे: आरपीओ (प्रत जास्तीत जास्त किती मागे राहील ती मर्यादा) पंधरा मिनिटं.

संध्याकाळी तुमची मीटिंग संपली आणि चेन्नईची प्रत उघडली. त्यात शेवटची फाइल आदल्या दुपारची! त्यानंतर पॅक झालेल्या पॅलेटचा पत्ताच नाही. म्हणजे प्रत पंधरा मिनिटं नव्हे, निम्म्या दिवसाहून जास्त मागे होती. आणि तुमच्या डॅशबोर्डवर त्या सगळ्या वेळात हिरवी खूण: ‘रेप्लिकेशन हेल्दी’. तब्येत उत्तम, फक्त पेशंट हलत नव्हता.

कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदरात कटऑफच्या, म्हणजे जहाजासाठी माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आत पोचला नाही. माल पुढच्या जहाजाला गेला. उशिराचं कारण खरेदीदाराला कळवताना ‘डिझास्टर डिक्लेअर झालं नव्हतं’ असं लिहायची मला लाज वाटली.

पुन्हा सांगतो, सेंटर बंद पडल्याची ही तक्रार नाही. चेन्नई चालू होती, डेटा तिथे होता, पैसे भरलेले होते, आणि तरी दार उघडायला माणूस नव्हता.

मला लेखी हवं आहे ते असं. फेलओव्हरची शेवटची चाचणी खऱ्या ग्राहकाच्या डेटावर कधी घेतली, तिची तारीख. त्या रविवारी-सोमवारी चेन्नईची प्रत किती मागे होती, त्याचा लॉग. डिझास्टर कोणी आणि किती वेळात जाहीर करायचं, तो नियम; करारात आरटीओ (सेवा पुन्हा चालू करून द्यायची मुदत) चार तास लिहिलाय, त्याची मोजणी तुमच्या मीटिंगनंतर सुरू होते का, हेही. आणि वर्षभराचा जादा आकार परत.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल. निफाड-दिंडोरीतले बरेच निर्यातदार माझ्याच शब्दावर तुमच्याकडे आले आहेत, त्यांना हे पत्र आजच पाठवतोय.

हेल्पलाइनवरच्या त्या पोराला मेमो देऊ नका. त्याने तुम्ही समोर ठेवलेलंच वाचलं. पेनड्राइव्हचं वाक्य मात्र कोणी लिहून दिलं, ते शोधा.

आपला (अजून तरी) ग्राहक,
एक द्राक्ष निर्यातदार, नाशिक